‘संदेश सापडला नाही’ : रुग्णालयाच्या संगणकातील हरवलेल्या वाक्यांविषयी

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, नाशिक येथे, संगणक व वैद्यकीय अभिलेख समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत नव्या यंत्रसामग्रीविषयी, नव्या विभागाविषयी बोलणे सोपे असते. त्यास टाळ्याही मिळतात. आमच्या समितीच्या वाट्याला आलेला विषय तसा नाही. तो डोळ्यांना दिसत नाही, त्याचे उद्घाटन होत नाही आणि त्याच्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही. तरीही तो आपणांपुढे मांडणे आवश्यक वाटते, कारण देयकाच्या खिडकीपाशी ताटकळणाऱ्या नातेवाइकांच्या कानांवर पडणारे ‘कॉम्प्युटर घेत नाही’ हे वाक्य पुष्कळदा या विषयापाशी येऊन थांबते.

संगणक काही घेत नसेल तर तो का घेत नाही, हे त्याने सांगावयास हवे. बहुतेक वेळा तो सांगतोही. परंतु कधीकधी पडद्यावर कारण येत नाही. त्याऐवजी इंग्रजी अक्षरांची व अंकांची एक साखळी उमटते आणि तिच्यापुढे ‘संदेश सापडला नाही’ अशा अर्थाचे शब्द असतात. म्हणजे संगणकाला काहीतरी सांगावयाचे आहे, पण जे सांगावयाचे ते वाक्यच त्याला मिळत नाही. खिडकीवरील कर्मचाऱ्याची अवस्था अशा वेळी बंद पाकीट हाती आलेल्या निरोप्यासारखी होते.

असे का होते हे समजण्यासाठी आपल्यांतील ज्येष्ठांनी जुन्या तारघराची आठवण करावी. शुभेच्छांची तार पाठवावयाची असली की संपूर्ण वाक्य लिहावे लागत नसे. छापील यादीत दिवाळीच्या, विवाहाच्या, परीक्षेतील यशाच्या अभिनंदनाच्या वाक्यांना क्रमांक दिलेले असत. पाठवणारा क्रमांक सांगे, तारेवरून तो क्रमांकच जाई आणि पलीकडच्या गावचा कारकून आपल्याजवळची यादी पाहून पूर्ण वाक्य लिहून देई. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता कल्पना करावी की पलीकडच्या तारघरातील यादी जुनी आहे, किंवा तिचे एक पान गळाले आहे. क्रमांक तर व्यवस्थित पोहोचला; पण मंडपात बसलेल्या वधूवरांच्या हाती काय पडणार? नुसता आकडा.

मोठ्या संस्थांच्या कारभारासाठी तयार केलेल्या संगणकप्रणाली नेमक्या याच रीतीने चालतात. हिशेब, भांडार, औषधसाठा, वेतन, रुग्णनोंद असा सारा कारभार एकत्र सांभाळणाऱ्या प्रणालीत सूचनांची वाक्ये हजारोंनी असतात. ती मूळ कार्यक्रमात लिहिली, तर एक शब्द बदलण्यासाठी सारा कार्यक्रम पुन्हा बांधावा लागेल, आणि प्रत्येक भाषेसाठी वेगळा कार्यक्रम ठेवावा लागेल. म्हणून कार्यक्रमात वाक्याचे केवळ खूणनाव असते, व वाक्ये स्वतंत्र कोशात ठेवलेली असतात. सॅप या जर्मन कंपनीच्या प्रणालीत हा कोश ‘टी-१००’ नावाच्या तक्त्यात असतो. तेथे प्रत्येक वाक्याची ओळख म्हणजे एक गट आणि त्या गटातील तीन अंकी क्रमांक. ऑरॅकल कंपनीच्या ई-बिझनेस सूट या प्रणालीत प्रत्येक संदेशाला नाव असते, आणि तो कोणत्या विभागाचा व कोणत्या भाषेतील याचीही नोंद त्याच्यासोबत असते. विभाग, नाव आणि भाषा या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच वाक्य हाती येते. एक जरी चुकली तरी पडद्यावर विभागाचे आणि संदेशाचे नाव उमटते आणि वाक्य सापडले नसल्याची कबुली मिळते. ही कबुली फार मोलाची आहे, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. काही प्रणाली तेवढेही करीत नाहीत. रिकामी चौकट दाखवितात आणि खाली ‘ठीक आहे’ असे बटण.

वाक्य हरवण्याची कारणे फार गूढ नसतात. पहिले आणि सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे अर्धवट झालेली सुधारणा. कंपनीकडून पॅच येतो, त्यात नवे नियम असतात व त्या नियमांची नवी वाक्येही असतात. नियम लागू होतात, वाक्ये मात्र कोशात चढावयाची राहतात. ऑरॅकलच्या प्रणालीत याला आणखी एक पदर आहे. तेथे संदेश तक्त्यात असतात, आणि त्या तक्त्यावरून प्रत्येक भाषेसाठी एक तयार फाइलही निर्माण करून ठेवली जाते. प्रणालीचे काही भाग थेट तक्ता वाचतात, काही भाग ही फाइल वाचतात. तक्त्यात नवे वाक्य घातले पण फाइल पुन्हा निर्माण केली नाही, तर एकाच इमारतीत एका खिडकीवर वाक्य दिसते आणि दुसऱ्या खिडकीवर दिसत नाही. अशा वेळी दोन्ही कर्मचारी खरेच बोलत असतात, आणि दोघांनाही वाटते की समोरचा काहीतरी लपवतो आहे.

दुसरे कारण भाषेचे. जागतिक प्रमाणानुसार मराठीची दोन अक्षरी खूण ‘एम-आर’ आहे आणि तीन अक्षरी खूण ‘एम-ए-आर’. एका भागाने दोन अक्षरे मागितली व दुसऱ्याने तीन अक्षरांखाली वाक्ये ठेवली, तर मराठी वाक्य असूनही नसल्यासारखे होते. चांगल्या प्रणालीत यावर तोड असते : मराठी वाक्य न मिळाल्यास इंग्रजी दाखवावे, तेही न मिळाल्यास मग खूणनाव दाखवावे. ही उतरंड ठरवून दिलेली नसेल, तर पहिल्याच पायरीवर सारे अडते. याखेरीज फाइल वाचण्याची परवानगी नसणे, फाइल भलत्याच जागी असणे, संगणकाने सकाळी स्मरणात घेतलेली जुनी प्रत दिवसभर धरून ठेवणे, अशी किरकोळ कारणेही असतात. त्यांवर अधिक वेळ घेत नाही.

एक प्रकार मात्र किरकोळ नाही. वाक्य सापडते, पण त्यातील जागा रिकाम्या राहतात. ‘अमुक रुग्णाला अमुक औषध वर्ज्य आहे’ या वाक्यात ‘अमुक’च्या जागी नाव भरण्याचे काम कार्यक्रमाचे असते. कोशातील रिकाम्या जागेचे नाव आणि कार्यक्रमाने पाठवलेले नाव यांत एका अक्षराचा फरक पडला, तर सूचना येते, तिचे व्याकरणही शुद्ध असते, पण ती कोणाविषयी आहे ते कळत नाही. हरवलेल्या वाक्यापेक्षा आम्हांस याची धास्ती अधिक वाटते. कारण हरवलेले वाक्य निदान खटकते.

आता यात आपल्या संस्थेचा आणि रुग्णांचा संबंध कोठे येतो, ते पाहावे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, तर दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात, आणि देयकांच्या एकूण रकमेच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. हे सारे हिशेब संगणकावर होतात. समजा, सुरगाण्याहून वा पेठहून आलेल्या एखाद्या रुग्णाची सवलत संगणकाने नाकारली. नाकारण्याचे कारण साधे असू शकते : उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली आहे, किंवा शिधापत्रिकेचा क्रमांक भरावयाचा राहिला आहे. वाक्य दिसले तर खिडकीवरील कर्मचारी सांगेल, ‘दादा, तेवढा कागद आणा.’ वाक्य हरवले तर त्याला फक्त नकार दिसतो, आणि नातेवाइकाला वाटते की रुग्णालयानेच तोंड फिरवले. तो मनुष्य भांडत नाही. तो गावाकडे फोन करून उसनवारीची व्यवस्था करू लागतो. कायद्याने त्याला दिलेली, आणि आपणां देणगीदारांनी ज्यासाठी पैसे दिले ती सवलत एका न उमटलेल्या ओळीपायी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तक्रार आली नाही म्हणून अडचण नाही, असे आम्ही म्हणूनच मानीत नाही.

याहून गंभीर परिणामाचे उदाहरण जगाच्या वैद्यकीय इतिहासात नोंदलेले आहे. त्यावर थोडे विस्ताराने बोलावयाचे आहे, कारण ते आमच्या समितीच्या कामाच्या मुळाशी आहे.

कर्करोगावरील किरणोपचारासाठी कॅनडाच्या ‘अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड’ या कंपनीने ‘थेरॅक-२५’ नावाचे यंत्र तयार केले होते. अमेरिका आणि कॅनडा मिळून अशी अकरा यंत्रे बसविण्यात आली. आधीच्या यंत्रांत सुरक्षिततेसाठी यांत्रिक अडसर असत. येथे त्यांतील पुष्कळ जबाबदारी संगणकाच्या कार्यक्रमावर सोपविली गेली. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात या यंत्रांमुळे सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणमात्रा मिळाली, आणि त्यांतील काहींचा त्यामुळे मृत्यू झाला.

२१ मार्च १९८६ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या टायलर या गावी एका रुग्णावर नेहमीचा उपचार चालू होता. यंत्र चालविणाऱ्या तंत्रज्ञ बाई अनुभवी होत्या व त्यांचा हात जलद चालत असे. उपचाराचा प्रकार लिहिताना एक अक्षर चुकले, ते त्यांनी तत्काळ वर जाऊन सुधारले आणि किरण सुरू करण्याची आज्ञा दिली. यंत्र थांबले. पडद्यावर उमटले : ‘मालफंक्शन ५४’. एवढेच. यंत्रासोबतच्या कागदात या क्रमांकापुढे ‘डोस इनपुट २’ असे दोन शब्द होते. माहितीपुस्तिकेत त्याचे स्पष्टीकरण नव्हते. पुढे निर्मात्यांकडून कळले की दिलेली मात्रा फार जास्त किंवा फार कमी असल्याचा तो इशारा होता. फार जास्त की फार कमी, हे मात्र त्यातून समजत नव्हते. पडद्यावरील आकडा तर मात्रा फारच कमी गेल्याचे दाखवीत होता. अशा लहानसहान अडथळ्यांची तेथे सवय झालेली होती आणि एक कळ दाबून उपचार पुढे चालू ठेवण्याची सोय यंत्रातच होती. ती कळ दाबली गेली. आतल्या खोलीतील रुग्णाला पहिल्याच वेळी विजेचा झटका बसल्यासारखे झाले होते. तो उठण्याच्या बेतात असताना दुसरा झटका बसला. खोलीतील चित्र दाखविणारा पडदा त्या दिवशी जोडलेला नव्हता आणि ध्वनियंत्र नादुरुस्त होते. १८० रॅडच्या जागी १६,५०० ते २५,००० रॅड मात्रा मिळाली असावी, असा अंदाज नंतर काढण्यात आला. पाच महिन्यांनी तो रुग्ण दगावला. ११ एप्रिलला त्याच ठिकाणी, त्याच क्रमांकासह, दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत तेच घडले.

त्यानंतर जे घडले ते आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. तेथील भौतिकशास्त्रज्ञांनी यंत्र बंद केले, आणि त्या तंत्रज्ञ बाईंना शेजारी बसवून नेमके काय काय केले ते पुन्हा पुन्हा करून पाहिले. बऱ्याच प्रयत्नांनंतर ‘मालफंक्शन ५४’ त्यांना हुकमी उमटविता येऊ लागले. आठ सेकंदांच्या आत चूक सुधारली, तर यंत्रातील चुंबकांची मांडणी चालू असताना ती सुधारणा कार्यक्रमाच्या एका भागाला कळतच नसे. कंपनीच्या अभियंत्यांना आधी हा दोष पुन्हा घडविता आला नव्हता, कारण ते सावकाश टंकलेखन करीत. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या साऱ्या प्रकरणाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. संगणकतज्ज्ञ त्यातील कार्यक्रमदोषाची चर्चा करतात, व ती योग्यच आहे. आम्ही रुग्णालयातील माणसे असल्याने आम्हांस दुसरी गोष्टही तितकीच बोचते : त्या आकड्याच्या जागी ‘मात्रा प्रमाणाबाहेर गेली असण्याची शक्यता आहे, रुग्णाला पाहा’ असे एक वाक्य असते, तर ती कळ दाबली गेली असती का?

अशा प्रसंगांतून आमच्या समितीची कामाची पद्धत घडत गेली. पडद्यावर खूणनाव दिसले की कर्मचाऱ्याने ‘ठीक आहे’ दाबण्यापूर्वी ते जसेच्या तसे लिहून घ्यावयाचे; रुग्णाचा नोंदणी क्रमांक, खिडकी, वेळ आणि त्या क्षणी काय भरले जात होते, हेही लिहावयाचे. यासाठी प्रत्येक खिडकीवर साधी रेघांची वही ठेवली आहे. संगणकाच्या दुखण्यासाठी कागदाची वही, याचे काही तरुण सहकाऱ्यांना हसू येते. पण संगणक आपल्याच दुखण्याची नोंद नीट ठेवील, याची खात्री कोण देणार?

पुढे संगणक विभाग तेच काम, त्याच खिडकीवर, त्याच प्रवेशनावाने करून पाहतो. मग दुसऱ्या खिडकीवर, मग इंग्रजी भाषा निवडून. इंग्रजीत वाक्य आले आणि मराठीत आले नाही तर शोध भाषेच्या कोशाकडे वळतो. एका खिडकीवर आले आणि दुसरीवर नाही, तर फाइलकडे किंवा जुन्या प्रतीकडे. कोठेच आले नाही, तर कोशात त्या नावाची नोंद आहे का ते पाहावयाचे, आणि नसल्यास पुरवठादाराकडे नावानिशी मागणी करावयाची. पुरवठादारांची नावे येथे घेण्याचे प्रयोजन नाही. ‘प्रणाली सुरू आहे ना, मग झाले’ हे उत्तर कमीअधिक फरकाने सर्वत्र ऐकू येते.

यात एक भान सतत ठेवावे लागते. हरवलेले वाक्य आणि ज्या कारणाने ते वाक्य बोलावले गेले ते कारण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वाक्य परत आणले म्हणजे दाखल्याची मुदत वाढत नाही. आणि खिडकीवरील अडचण हाताने सोडवून रुग्णाला घरी पाठवले, म्हणजे वाक्य परत येत नाही. दोन्ही पूर्ण झाल्याखेरीज वहीतील नोंदीवर समितीची सही होत नाही.

मराठी वाक्यांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपल्याकडे मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये ठेवला जाई. तो फॉन्ट संगणकावर नसला की त्याच मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. संदेश असूनही हरवे. युनिकोडने तो प्रश्न बहुतांशी सोडविला, तरी ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतील अर्धा र काही जुन्या पडद्यांवर अजून नीट उमटत नाही. खरी अडचण मात्र शब्दांची आहे. ‘अवैध प्रविष्टी’ हे भाषांतर चुकीचे नाही, पण ते वाचून कर्मचारी काय करणार? त्या जागी ‘जन्मतारीख पुढची पडली आहे, पुन्हा पाहा’ असे वाक्य घालताना आम्ही परिचारिका आणि खिडकीवरील कर्मचारी यांना सोबत बसवितो. ज्याला ते वाचावयाचे आहे त्याला कळले नाही, ते वाक्य आमच्या लेखी हरवलेलेच.

रुग्णांच्या भ्रमणध्वनीवर जाणाऱ्या संदेशांचीही गोष्ट निराळी नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार संस्थांना आपल्या संदेशांचे नमुने आधी नोंदवावे लागतात. ८ मार्च २०२१ रोजी त्यांची काटेकोर पडताळणी सुरू झाली आणि नमुन्याशी न जुळणारे संदेश थांबविले गेल्याने देशभर बँकांचे सांकेतिक क्रमांकसुद्धा पोहोचेनासे झाले. दुसऱ्याच दिवशी प्राधिकरणाने ही पडताळणी सात दिवसांसाठी स्थगित केली. तपासणीचा अहवाल तयार असल्याचा संदेश मराठीत पाठवावयाचा, तर आणखी एक मर्यादा येते. इंग्रजी संदेशात १६० अक्षरे मावतात, तेथे देवनागरीत केवळ ७०, आणि काना-मात्राही मोजल्या जातात. म्हणून आमचे मराठी संदेश थोडे रुक्ष वाटतात. ‘सप्रेम नमस्कार’ लिहिण्याची इच्छा असते, पण अहवाल कोणत्या खिडकीवर मिळेल ते सांगावयास मग जागा उरत नाही.

विश्वस्त मंडळापुढे दोन मागण्या ठेवून थांबतो. प्रणालीच्या देखभालीचा करार पुढील वेळी करताना, प्रत्येक सुधारणेसोबत नव्या संदेशांची इंग्रजी व मराठी यादी पुरवठादाराने द्यावी, आणि ती सुधारणा प्रत्यक्ष वापरात आणण्यापूर्वी चाचणीच्या संगणकावर त्यांतील प्रत्येक वाक्य उमटवून दाखवावे, ही अट घालावी. दुसरी मागणी चाचणीसाठी एका स्वतंत्र संगणकसंचाची आहे. या संचावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येईल, पण तो ठेवला जाईल अभिलेखागाराच्या मागील खोलीत, जेथे पाटी वाचावयास फारसे कोणी जात नाही. तरीही कोणास इच्छा झाल्यास कार्यालयात संपर्क साधावा.

आणि नातेवाइकांना एक विनंती. खिडकीवर ‘कॉम्प्युटर घेत नाही’ असे उत्तर मिळाले, तर पडद्यावर काय लिहिले आहे ते वहीत उतरवून घेण्यास आपण अवश्य सांगावे. तो आपला हक्क आहे, आणि वही त्यासाठीच तेथे ठेवली आहे.